यंत्र भिंतीवर, जबाबदारी वाऱ्यावर

रामदासपेठ ही एकेकाळी नागपूरच्या निवांत बंगल्यांची वस्ती होती. आज त्यांतील बहुतेक बंगल्यांच्या जागी रुग्णालये, तपासणी केंद्रे, हॉटेले, उपाहारगृहे आणि बहुमजली इमारती उभ्या आहेत. शेजारची धंतोली आणि ही पेठ मिळून साऱ्या विदर्भाचे, किंबहुना लगतच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधील जिल्ह्यांचेही, जणू एक विस्तीर्ण रुग्णालय बनले आहे. गडचिरोलीचा शेतमजूर कर्ज काढून येथे येतो आणि बालाघाटचा शेतकरी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन येथेच दाखल होतो. आपण ज्या इमारतीत रात्र काढणार आहोत तिच्या तळघरात काय काय साठवले आहे, हे विचारण्याची त्यांची मनःस्थिती नसते आणि विचारले तरी उत्तर देणारा कोणी भेटत नाही.

या तळघरांत आणि मागच्या आवारांत असते तरी काय? स्वयंपाकघराला गॅस पुरविणाऱ्या सिलिंडरांची रांग असते. प्राणवायूच्या सिलिंडरांची खोली असते, वीज गेल्यावर धडधडू लागणारे जनरेटर असतात, आणि शेकडो वाहनांचा धूर कोंडून ठेवणारे वाहनतळ असतात. अशा ठिकाणी भिंतीवर एक लहानशी पेटी बसवलेली आढळते. तिच्यावर एक हिरवा दिवा मिणमिणत असतो. हा गॅस डिटेक्टर. हवेत गॅस साचू लागला, की त्याने धोक्याची घंटा वाजवावी, गॅसचा मुख्य झडप-नळ आपोआप बंद करावा आणि हवा बाहेर फेकणारा पंखा सुरू करावा, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. मालक ती पेटी दाखवून निर्धास्त होतो. तपासणीस आलेला अधिकारी ती पाहून समाधान पावतो. रहिवासी हिरवा दिवा पाहतो आणि सारे ठीक आहे असे समजतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की तो हिरवा दिवा फारच थोडे सांगतो. पेटीपर्यंत वीज पोहोचली आहे आणि तिच्या मंडलात ढोबळ बिघाड नाही, इतकीच ग्वाही तो देऊ शकतो. पेटीला गॅसचा वास येतो की नाही, हे त्या दिव्याला ठाऊक नसते. ते कळण्याचा मार्ग एकच आहे. ठराविक प्रमाणाचा खरा गॅस त्या पेटीच्या तोंडाशी धरायचा आणि ती ओरडते का, किती वेळात ओरडते, आणि आकडा बरोबर दाखविते का, हे पाहायचे. हे काम जेथे नियमाने होत नाही, तेथे ती पेटी भिंतीवरची शोभा होय. नुसती शोभा असती तरी एक वेळ चालले असते. पण तिच्या भरवशावर माणसे गाफील राहतात, म्हणून ती शोभेपेक्षा वाईट आहे.

ही यंत्रे कशी निकामी होतात, हे सामान्य नागरिकाने समजून घेणे अवघड नाही. ज्वलनशील वायू ओळखणाऱ्या अनेक डिटेक्टरांत उत्प्रेरकाचा लेप दिलेला एक तप्त मणी असतो. गॅस त्याच्यावर जळतो, मणी अधिक तापतो, आणि त्या तापण्यावरून गॅसचे प्रमाण मोजले जाते. या मण्याला सिलिकॉनचे वावडे आहे. काचा बसविताना वापरण्यात येणारे सीलंट आणि फर्निचरचे काही पॉलिश यांतील सिलिकॉनच्या वाफा मण्यावर बसतात आणि मणी मरतो. मेलेला मणी शून्य दाखवितो. निरोगी हवेतला जिवंत मणीही शून्यच दाखवितो. दोन्ही शून्ये दिसायला सारखीच! इमारतीची रंगरंगोटी आणि नूतनीकरण झाल्यावर डिटेक्टर तपासले पाहिजेत ते यासाठी. पण नेमक्या त्याच वेळी रंगाऱ्याने पेटीवर बांधलेली प्लास्टिकची पिशवीही काढायची राहून जाते.

कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू ओळखणाऱ्या पेट्यांत रासायनिक घट असतो. त्याचे आयुष्य साधारणतः दोन-तीन वर्षांचे, आणि कोरड्या उष्णतेत तो त्याहूनही लवकर सुकतो. नागपूरचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. जनरेटरच्या बंदिस्त खोलीत किती उष्णता होत असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी. थंड मुलखात बेतलेले देखभालीचे वेळापत्रक येथे जसेच्या तसे लागू करणे म्हणजे शुद्ध आत्मवंचना होय. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. तो श्वासात जात असल्याची खबर माणसाच्या नाकाला लागत नाही. म्हणून तर यंत्र बसवायचे. तेच यंत्र मेलेले असेल तर खबर देणार कोण?

जागेचा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. सिलिंडरमधील द्रवरूप पेट्रोलियम गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो जमिनीलगत पसरतो आणि तळघरात उतरतो. म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीपासून हातभर उंचीवर हवा. नळाने येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन, आणि तो हवेपेक्षा हलका. त्याचा डिटेक्टर छताजवळ हवा. सिलिंडर सोडून नळाच्या गॅसकडे वळणाऱ्या इमारतीने जुनी पेटी जुन्याच जागी ठेवली, तर चोर माळ्यावर आणि पहारा तळमजल्यावर अशी अवस्था व्हायची. प्राणवायू स्वतः जळत नाही, परंतु तो इतर सारे काही भडकावून जाळतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते साडेतेवीसच्या वर गेले, की ठिणगीचा वणवा व्हायला वेळ लागत नाही. सिलिंडरांच्या खोलीत प्राणवायूच्या प्रमाणावर नजर ठेवणारा डिटेक्टर असावा आणि तो जिवंत असावा, ही काही चैन नव्हे.

आता तपासणी म्हणून जे चालते त्याकडे पाहू. पेटीवर 'टेस्ट' असे लिहिलेले एक बटण असते. ते दाबले की घंटा वाजते, आणि तपासणी झाली असे नोंदविले जाते. त्या बटणाने घंटा, दिवा आणि तारा तपासल्या जातात. घ्राणेंद्रिय तपासले जात नाही. काही ठिकाणी तंत्रज्ञ खिशातला सिगारेट-लायटर काढून न पेटवता पेटीपुढे धरतो. गॅसचा एकदम मोठा लोट आल्याने पेटी ओरडतेही. पण धोक्याच्या पातळीला ती ओरडली असती की नाही, हे त्यावरून कळत नाही, आणि त्या लोटाने नाजूक मणी दुखावू शकतो. वास्तविक द्रवरूप पेट्रोलियम गॅसचे हवेतील प्रमाण दोन टक्क्यांच्या जवळ गेले की तो स्फोटक होतो, आणि मिथेनचे पाच टक्क्यांशी. पेटीने त्या मर्यादेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच, म्हणजे माणसांना बाहेर पडायला अवधी असतानाच, इशारा द्यावयाचा असतो. एवढ्या बारीक प्रमाणाची परीक्षा लायटरने होत नाही. त्यासाठी प्रमाणित मिश्रणाचे छोटे सिलिंडर मिळतात, त्यांना वापराची मुदत असते, आणि ते हाताळायला शिकलेला माणूस लागतो.

खोट्या इशाऱ्यांचीही एक व्यथा आहे, आणि ती आम्ही नाकारत नाही. स्वस्तातल्या डिटेक्टरला फोडणीचा ठसका आणि गळता सिलिंडर यांतला फरक नीट उमगत नाही. रुग्णालयात हात पुसण्याच्या स्पिरिटची वाफही त्याला चाळवते. चार वेळा उगाच घंटा वाजली, की पाचव्या वेळी कोणीतरी तिची तार काढून ठेवतो. हा मनुष्यस्वभाव जगभर सारखाच आहे. मेक्सिकोच्या आखातातील 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहिरीच्या तराफ्यावर २० एप्रिल २०१० रोजी स्फोट होऊन ११ कामगार मरण पावले. झोपलेल्या माणसांची खोट्या इशाऱ्यांनी झोपमोड होऊ नये म्हणून तेथील सार्वत्रिक भोंगा आपोआप वाजणार नाही असा करून ठेवला होता, अशी साक्ष तेथल्याच एका तंत्रज्ञाने चौकशीत दिली. खोट्या इशाऱ्यावरचा उपाय तार काढणे हा नव्हे. योग्य जातीची पेटी योग्य जागी बसविणे आणि तिची वेळच्या वेळी देखभाल करणे, हाच तो उपाय आहे.

आणि येथेच तंत्राचा प्रश्न संपून माणसांचा प्रश्न सुरू होतो. ही देखभाल करतो कोण? इमारतीचा मालक एका कंपनीशी वार्षिक करार करतो. ती कंपनी काम दुसऱ्या कंत्राटदाराला देते. तो एखाद्या कोवळ्या पोराला मोटारसायकल आणि पत्त्यांची यादी देऊन पाठवितो. दिवसभरात इतक्या इमारती उरकल्या पाहिजेत, असा हिशेब असतो. प्रमाणित गॅसचे सिलिंडर त्याच्याजवळ आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. शिक्का मारलेला कागद मात्र मागतात. रात्री घंटा वाजलीच तर ती ऐकणारा पहारेकरी कंत्राटदाराचा, बारा तासांच्या पाळीवरचा आणि आज येथे तर उद्या तेथे. फलकावरचा कोणता दिवा कशाचा, लाल दिवा लागला तर आधी झडप बंद करायची की लोकांना उठवायचे, विजेचे बटण का दाबायचे नाही, हे त्याला कोणीही सांगितलेले नसते. उद्या अनर्थ झाला, तर पहिला दोषी ठरतो तो हाच! देखभालीचा खर्च म्हणजे वायफळ खर्च, आणि देखभाल करणारा म्हणजे केव्हाही बदलता येणारा गडी, असे ज्या व्यवस्थेत मानले जाते, तेथे यंत्रे अशीच मरत जाणार.

या वृत्तीची परिणती काय होते, हे भोपाळने जगाला दाखविले. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधील त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्यापूर्वी खर्च वाचविण्यासाठी माणसे कमी करण्यात आली होती, टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंद होती, आणि वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीअभावी जोडलेला नव्हता. वायू गळतो आहे हे कामगारांना कळत असे ते डोळ्यांची आग होऊ लागल्यावर. आणि बाहेरच्या झोपडवस्तीला सावध करण्यासाठी असलेला भोंगा काही काळ वाजवून बंद करण्यात आला होता. सुरक्षेची साधने कागदावर तेथेही होती. ती जिवंत नव्हती. त्या रात्रीला चार दशके उलटून गेली, पण धडा जुना झालेला नाही.

उलट बाजूचे उदाहरण शोधायला नागपूरच्या बाहेर जावे लागत नाही. या शहरात वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय आहे आणि सावनेरसारख्या भूमिगत कोळसा खाणी जिल्ह्यातच आहेत. खाणीत मिथेनचे भय पिढ्यान्‌पिढ्यांचे. हम्फ्री डेव्हीने १८१५ साली बनविलेल्या सुरक्षा-दीपाच्या ज्योतीवरून खाणकामगार गॅस ओळखू लागले, आणि तेव्हापासून एक शिस्त रुजली : दिवा रोज परत यायचा, रोज साफ व्हायचा, रोज तपासला जायचा. खाणीतील सरदाराने आपल्या पाळीत स्वतः फिरून गॅस पाहायचा आणि सहीनिशी नोंद करायची, ही प्रथा त्यातूनच आली. आपल्या खाण नियमांत कामगारांच्या बाजूने तपासणी करणाऱ्या कामगार-निरीक्षकाची तरतूदही झाली. या साऱ्याचे पालन नेहमी नीट होते असा आमचा दावा नाही; खाण-अपघातांचा इतिहास तसे म्हणू देत नाही. पण तत्त्व स्पष्ट आहे. ज्याचा जीव धोक्यात आहे, त्याला तपासणीचा हक्क आहे. हे तत्त्व जमिनीखाली पाचशे फुटांवर मान्य होते. मग रामदासपेठेतल्या तळघरात, जमिनीखाली पंधरा फुटांवर, ते का मान्य होऊ नये?

महाराष्ट्राने २०२१ या एका वर्षात जे पाहिले ते विसरण्याजोगे नाही. ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बालके गेली. राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश सुटले. त्यानंतर एप्रिलमध्ये नागपूरलगतच्या वाडीत एका रुग्णालयाला आग लागली. २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून प्राणवायू गळाला, पुरवठा खंडित झाला, आणि त्या दिवशी २२ रुग्ण प्राणवायूअभावी दगावले. दोनच दिवसांनी विरारच्या रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली. नोव्हेंबरच्या ६ तारखेला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात पुन्हा तेच घडले आणि ११ रुग्ण गेले. या प्रत्येक दुर्घटनेचे कारण वेगळे, आणि त्या सर्व गॅस डिटेक्टरने टळल्या असत्या असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु साधने बसविण्याचे आदेश निघतात, तपासणीचे अहवाल लिहिले जातात, आणि संकटाच्या रात्री त्यांचा उपयोग होत नाही, हे सूत्र त्या सर्वांतून दिसते. आग विझल्यावर होणारी तपासणी आणि आग लागण्यापूर्वीची रोजची निगा यांत महदंतर आहे.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्याने जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे, आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करण्याचे बंधन घातले आहे. हेतू उत्तम. पण प्रमाणपत्र देणाऱ्याचे बिल कोण चुकते करतो? ज्याची तपासणी व्हायची तोच! कडक तपासणी करणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावले जाईलच याचा भरवसा काय? शिवाय त्या प्रमाणपत्रावरून कोणत्या पेटीवर कोणता गॅस सोडला, तिने किती आकडा दाखविला आणि तिचा घट कधी बदलला, हे तेथे राहणाऱ्याला, काम करणाऱ्याला किंवा खाटेवर पडलेल्याला कळण्याची सोय नाही. कागद दप्तरात जातो आणि पेटी भिंतीवर राहते.

लहान रुग्णालयांचे चालक म्हणतील, आधीच परवान्यांचा जाच काय कमी आहे, त्यात हा नवा खर्च कशाला? त्यांची अडचण आम्ही समजू शकतो. दहा खाटांच्या दवाखान्याला स्वतंत्र तंत्रज्ञ परवडणार नाही, हे खरे. म्हणूनच हे काम सामायिक झाले पाहिजे. आणि त्यासाठी नागपूरइतके सोयीचे शहर देशात दुसरे सापडणार नाही. स्फोटक द्रव्ये, पेट्रोलियम आणि दाबाखालील वायू यांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे, म्हणजे 'पेसो'चे, मुख्यालय याच शहरात आहे. देशभरच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना घडविणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून येथे आहे. हवेच्या प्रदूषणाचे संशोधन करणारी 'नीरी' येथे आहे. जाणकारांची एवढी मांदियाळी ज्या शहरात आहे, त्याच्या तळघरांतील पेट्या मुक्या राहाव्यात, याला दिव्याखालचा अंधार म्हणायचे नाही तर काय?

आमच्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्या रामदासपेठ-धंतोलीपासून सुरू करता येतील. महापालिकेच्या अग्निशमन विभागाने प्रमाणित गॅससह फिरणारे स्वतःचे तपासणी पथक उभारावे आणि खाटांच्या संख्येनुसार त्याची फी आकारावी. म्हणजे तपासणारा मालकाचा मिंधा राहणार नाही. वर्षातून दोनदा येणाऱ्या कागदावर न थांबता, प्रत्येक पेटीला ठरलेल्या मुदतीत खऱ्या गॅसची परीक्षा द्यावी लागावी, आणि नूतनीकरणानंतर व उन्हाळा सरल्यावर ती पुन्हा व्हावी. परीक्षा केवळ पेटीची नको. घंटा, झडप, पंखा आणि वीज गेल्यावर चालणारी बॅटरी या साऱ्या साखळीची हवी. परीक्षेची तारीख, दिलेला गॅस, दाखविलेला आकडा आणि घट बदलण्याची तारीख मराठीत आणि हिंदीत लिहून त्या पेटीशेजारीच लावली जावी. तपासणीच्या वेळी परिचारिका, सफाई कामगार, स्वयंपाकी किंवा पहारेकरी यांच्यापैकी त्यांनीच निवडलेला एक प्रतिनिधी हजर असावा आणि नोंदवहीवर त्याचीही सही असावी. शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची : रात्री घंटा ऐकणारा माणूस कायम नेमणुकीचा, शिकविलेला आणि आठ तासांच्या पाळीचा असावा. झोपेने पेंगुळलेल्या माणसाच्या हाती शंभर जीव सोपवून वाचविलेले वेतन ही बचत नव्हे.

नागरिकांनीही आपला वाटा उचलावा. वाहने उभी करण्याच्या प्रश्नावर धंतोलीच्या रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत धाव घेतली होती. रस्त्यावरची कोंडी डोळ्यांना दिसते, तळघरातली दिसत नाही, एवढाच काय तो फरक. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत, हॉटेलच्या स्वागतकक्षात आणि रुग्णालयाच्या भरती-खिडकीवर एक साधा प्रश्न विचारला जावा : "या पेटीवर खरा गॅस शेवटचा केव्हा सोडला होता? नोंद दाखवा." प्रश्न विचारणाऱ्याला तज्ज्ञ असण्याची गरज नाही. उत्तर देणाऱ्याने मात्र नोंदवही काढून दाखविली पाहिजे. नोंदवही निघाली नाही, तर हिरव्या दिव्यावर विसंबू नये आणि तसे महापालिकेला लेखी कळवावे. जुलैची प्रमाणपत्रे दाखल होण्यापूर्वी रामदासपेठेतील शंभर नागरिकांनी जरी हे केले, तरी पुष्कळ पेट्यांना वाचा फुटेल.